गोदाकाठची मदतयादी आणि एआय : कामाच्या नोंदी (सप्टेंबर ते डिसेंबर २०२५)

बीड जिल्ह्यातल्या गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत, गोदावरी आणि सिंदफणेच्या काठावरची अकरा गावे, पाच तांडे आणि दोन पारधी वस्त्या, एवढ्या भागात आम्ही पूरग्रस्त कुटुंबांची यादी करून मदत पोहोचवली. या कामात आम्ही एआय वापरले, काही ठिकाणी ते उपयोगी पडले आणि काही ठिकाणी त्याने माणसांचे नुकसान केले. पुढे कोणी असेच काम हाती घेणार असेल तर त्यांच्या हातून कोणाचे नाव सुटू नये, म्हणून रोजच्या वहीतल्या या नोंदी उतरवून ठेवत आहे. गावांची आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सिंदफणेचे पाणी गावांत शिरून ओसरते न ओसरते तोच जायकवाडीचा विसर्ग वाढला आणि गोदाकाठ पाण्याखाली गेला. संध्याकाळी नऊ जण बसलो : आम्ही दोघे शिक्षक, एक निवृत्त ग्रामसेवक, दोन आशाताई, एक किराणा व्यापारी, पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा भाचा आणि माझ्या दोन विद्यार्थिनी. त्या दोघींतली एक तांड्यावरची आहे आणि पुढे सर्वांत जास्त काम तिनेच केले.

हातात ५,८०,००० रुपये आहेत. किराणा संचाला ९५० रुपये आणि ताडपत्री व दोन चादरींना ६५०, म्हणजे एका कुटुंबामागे १,६०० रुपये. फार तर ३६० कुटुंबे होतील आणि बाधित कुटुंबे हजाराच्या वर आहेत. आधी कोणाला द्यायचे, हाच सगळ्या कामाचा प्रश्न आहे.

भाच्याने टोगो देशाचे उदाहरण दिले. कोविडच्या काळात २०२० मध्ये तिथे उपग्रहाची चित्रे आणि मोबाइल वापराच्या नोंदी यांवरून सर्वांत गरीब माणसे शोधून त्यांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवले गेले. आपल्याकडे त्याचे छोटे रूप करू, असे ठरले. लोकांकडून फोनवर फॉर्म आणि आवाजी संदेश घ्यायचे, संगणकाकडून ते लिहून काढायचे, एकच कुटुंब दोनदा आले असेल तर गाळायचे आणि निकडीनुसार गुण द्यायचे. ज्याच्याकडे फोन नाही त्याचे काय, हा प्रश्न निवृत्त ग्रामसेवकांनी त्याच बैठकीत विचारला होता. आशाताई भेटी देतील, असे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. त्यांच्या प्रश्नावर आणखी अर्धा तास बसायला हवे होते.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज किल्लारीच्या भूकंपाला ३२ वर्षे झाली. १९९३ साली मी अंबाजोगाईला शिकत होते आणि आम्ही मुलेमुली मदतीला गेलो होतो. रस्त्यालगत जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले मी पाहिले होते आणि आतल्या वाडीत पांघरायला काही नव्हते, हेही पाहिले होते. यादीचा आग्रह मी धरते तो तेव्हापासून.

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रे मोफत मिळतात आणि ढग असले तरी त्यांत जमीन दिसते. पुराआधीचे आणि पुरानंतरचे चित्र जुळवून भाच्याने पाण्याखालचा भाग निळा रंगवला. तीन गावे त्यात जवळजवळ कोरडी दिसली, म्हणून ती यादीत शेवटी ठेवली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा असूनही दोघे जण त्या 'कोरड्या' गावांत गेले. पहिल्याच गावात घरांच्या भिंतींवर कमरेइतकी पाण्याची रेघ होती. गावाभोवती सगळा ऊस आहे. उभ्या, दाट पिकाखाली साचलेले पाणी या रडारला नीट दिसत नाही, कारण लहरी पाल्यावरूनच परततात, हे भाच्याला वाचून माहीत होते. पण आपल्या काठावर ऊस किती आहे, हे पुण्यात बसून त्याच्या लक्षात आले नाही. आम्हाला ऊस माहीत होता, पण रडार माहीत नव्हते. शिवाय त्या चित्रात एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, त्यामुळे दहा बाय बारा फुटांचे पत्र्याचे शेड त्यात वेगळे उमटतच नाही. नकाशावरून कोणतेही गाव मागे ढकलायचे नाही, असे ठरवले. दोन दिवस गेले.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजवर ३१२ आवाजी संदेश आले. ते लिहून काढणारे मॉडेल (एआयचा संगणक-कार्यक्रम) आमच्याच लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालते. त्यासाठी लॅपटॉपची मेमरी वाढवावी लागली, ४,२०० रुपये लागले. पुस्तकी मराठी ते बरे लिहिते, पण इकडची बोली आली की घसरते. "समदं वावर खरडून गेलं" याचे त्याने "सगळा वापर करून गेला" असे केले आणि "म्हस वाहून गेली" याचे "मस्त वाहून गेली". बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीतले संदेश तर त्याने मराठी समजून लिहिले आणि वाक्ये दिसायला इतकी नीट उतरली की मजकूर वाचणाऱ्याला शंकाही येऊ नये. त्यातली मूळ बोलण्याशी जुळणारी वाक्ये बोटावर मोजण्याइतकी निघाली.

दोन्ही विद्यार्थिनींना रोजचे ४०० रुपये मानधन देऊन ऐकण्याच्या कामाला बसवले. गोरमाटी संदेश मॉडेलला द्यायचेच नाहीत, ते तांड्यावरच्या विद्यार्थिनीने ऐकून थेट मराठीत लिहायचे, असे ठरले.

६ ऑक्टोबर, सोमवार

ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

एका संदेशाचा मजकूर संगणकाने असा काढला होता : "आमच्याकडे सर्व काही ठीक आहे. धन्यवाद." त्यामुळे ते घर सर्वांत खाली गेले होते. माझी विद्यार्थिनी जुने संदेश पुन्हा ऐकत होती. तिने मला हाक मारून हेडफोन दिला. संदेश ४१ सेकंदांचा होता. सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज : "कोण हाय का तिकडं?" मग पावसाचा आवाज, मग नुसती शांतता, मध्ये एकदा शेळी ओरडली, आणि शेवटी फोन खाली ठेवल्याचा खडखडाट. "सर्व काही ठीक आहे" हे त्या बोललेल्याच नव्हत्या.

अशी मॉडेल शांततेत किंवा गोंगाटात अडकली की शिकताना वारंवार भेटलेली वाक्ये आपल्याच मनाने भरतात, हे जाणकारांना माहीत असलेले दुखणे आहे. आम्ही ते तपासले नव्हते. दुपारी आशाताई त्या घरी गेल्या. आजी एकट्याच होत्या आणि चुलीत गाळ भरलेला होता. शेजारच्या मुलाने फोन लावून दिला होता आणि पुढे काय बोलायचे, ते आजींना कळले नव्हते. त्यांना त्याच दिवशी किराणा आणि एक स्टोव्ह दिला.

दुरुस्ती अशी केली. संदेशातल्या ज्या भागात माणसाचा आवाज नाही, तो भाग आधीच कापून टाकणारी पायरी जोडली. ज्या संदेशात बोलणे दहा सेकंदांपेक्षा कमी आहे, तो माणसानेच ऐकायचा. "ठीक आहे", "गरज नाही" असा अर्थ निघणारा प्रत्येक मजकूर मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. आतापर्यंतच्या संदेशांत असे आणखी चार सापडले.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातला मोठा वाटा शेतीच्या नुकसानीचा आहे, म्हणजे ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यांचा. आमची थोडी मदत भूमिहीनांकडे आधी वळवावी, यावर सर्वांचे एकमत झाले. नेमकी त्याच वेळी गुणांची यादी उघडली तर वरच्या पन्नासांत भूमिहीन कुटुंबे फक्त सहा निघाली.

कारण शोधले. ज्याचे शेत आहे तो सांगतो की चार एकर सोयाबीन गेले, मोटार गेली, कडब्याची गंजी गेली. ऊसतोडीला जाणारी बाई सांगते, "काईच राह्यलं नाई." गेलेल्या वस्तूंची संख्या पाहून गुण देणाऱ्या यंत्रणेला पहिले नुकसान मोठे वाटते आणि दुसरे लहान.

त्याहून गंभीर गोष्ट दुपारी कळली. गुण देण्यासाठी भाच्याने संदेशांचा मजकूर इंटरनेटवरच्या एका एआय संभाषण-सेवेत (चॅटबॉटमध्ये) टाकला होता. नावे काढली होती, असे त्याचे म्हणणे. पण एका बाईंनी मदत मागताना आपले 'पिशवीचे ऑपरेशन' झाल्याचे, वजन उचलवत नसल्याचे आणि नवऱ्याला काही गोष्टी ठाऊक नसल्याचे सांगितले होते. गावाचा उल्लेख मजकुरातच होता. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये याच बीड जिल्ह्यातून राज्यासमोर आला होता आणि इथल्या बाईसाठी ही माहिती किती नाजूक आहे, हे पुण्याच्या मुलाला कळले नसेल तरी मला कळायला हवे होते. तो मजकूर आता परत घेता येत नाही. सेवेच्या खात्यातून संभाषणे पुसली, पण तिकडे काय उरले, ते आम्हाला तपासता येत नाही. मी स्वतः त्या बाईंच्या घरी जाऊन, आशाताईंसमोर, त्यांना हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगाया आलात, पण मी तुमालाच सांगितलं व्हतं." मी क्षमा मागितली. याला दुसरे उत्तर नव्हते.

त्याच रात्री आणखी एक चाचणी केली. तेच ३० संदेश त्या सेवेला दोनदा दिले. अकरा संदेशांचे गुण दोन किंवा अधिक अंकांनी बदलले. एकाला आधी ४ मिळाले आणि मग ८. एखाद्याला "तुमचा नंबर मागे का" याचे कारण सांगायचे तर काय सांगणार? महिन्याची वर्गणी १,९५० रुपये भरलेली होती, ती सोडून दिली. त्याऐवजी सहा प्रश्न ठरवले : घर राहण्याजोगे आहे का, चूल पेटते का, घरात एकटे वृद्ध, गरोदर किंवा बाळंतीण बाई, रोज औषध लागणारे कोणी आहे का, जमीन आहे का, दुसरीकडून मदत मिळाली का, आणि कमावते माणूस घरी आहे का. उत्तरे माणसाने भरायची आणि क्रम माणसांनी बसून लावायचा.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिले वाटप झाले. मदत देणाऱ्या एका कंपनीने चेहरा ओळखून हजेरी लावणारे ॲप वापरण्याची अट घातली होती. डोईवरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, अंधारी समाजमंदिराची खोली आणि रेंज नाही, यात एकेका माणसाला पाच-सात मिनिटे लागू लागली. शिवाय हे चेहरे कोणत्या ठिकाणी साठतात, या प्रश्नाला कंपनीच्या माणसाकडे उत्तर नव्हते. तेविसाव्या माणसानंतर ॲप बंद केले आणि क्रमांकाच्या रंगीत चिठ्ठ्यांवर वाटप उरकले. कंपनीने पुढचा हप्ता, दीड लाख रुपये, दिला नाही. म्हणजे ९० हून अधिक कुटुंबांचे पूर्ण संच गेले. हा निर्णय सोपा नव्हता आणि आमच्यातले दोघे आजही तो चुकला असे मानतात. मला मात्र पोटाच्या बदल्यात चेहरा द्यायला लावणे मान्य नाही, कारण त्या रांगेत नाही म्हणण्याची ताकद कोणातच नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार

तांड्यावर वाटपाला गेलो आणि काम थांबवून परत यावे लागले.

आमच्याकडे एकूण १,१८७ फॉर्म होते. नावे जुळवणाऱ्या मॉडेलने त्यांतले २१४ 'दुबार' ठरवून काढून टाकले होते आणि आम्ही ते मान्य केले होते. पाचही तांड्यांत राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे याच आडनावांची घरे. चिठ्ठ्या वाटायला लागलो तर निम्म्या घरांच्या नावाची चिठ्ठीच नाही. लोक आधी शांत होते, मग आवाज चढला.

तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांनी घरात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. पाणी चढले तेव्हा घरातून सर्वांत आधी ही वही काढली, असे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले. वहीत होळीच्या वर्गणीचा हिशेब होता : घरटी नाव, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव आणि पुढे घराची खूण, 'लिंबाखालचे', 'टाकीजवळचे', 'वरच्या अंगाचे'. शांताबाई राठोड नावाच्या चार बाया त्या वहीत चार घरांत होत्या. आमच्या यादीत एकच शांताबाई उरली होती. नाईक म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीनला ही एकच बाई वाटली. आमाला चार चुली दिसत्यात."

चूक कशी झाली, ते रात्री उलगडले. आडनाव, वस्ती आणि फोन क्रमांक या तीन गोष्टी जुळल्या की मॉडेल दोन फॉर्म एकच मानत होते. शहरात हे बहुतेक वेळा बरोबर येईल. या तांड्यात ४६ घरे आहेत आणि पूर ओसरल्यावर चालू असलेले फोन नऊ. नाईकांच्या नातवाच्या एका फोनवरून अठरा घरांनी फॉर्म भरले होते. म्हणजे जे जास्त अडचणीत, तेच जास्त 'दुबार' ठरले. शेजारच्या तेलंगणात समग्र वेदिका या सरकारी यंत्रणेने अशाच नावांच्या जुळणीतून खऱ्या गरजूंचे रेशन तोडल्याचे २०२४ मध्ये पत्रकारांनी समोर आणले होते. एका विधवा बाईंच्या नवऱ्याच्या नावाशी एका मोटारमालकाचे नाव जुळवले गेले होते. ती बातमी मी वाचली होती, वर्गात सांगितलीही होती, आणि तरी २१४ नावे न तपासता कापू दिली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सहा दिवस सगळे पायी फिरलो. २१४ पैकी खरोखर दुबार ६१ निघाली. उरलेली १५३ ही खरी, वेगळी कुटुंबे होती आणि त्यांतली ९७ तांड्यांवरची. गाड्यांचे डिझेल आणि जेवणखाण मिळून ७,४०० रुपये गेले. खरा तोटा पैशांचा नाही. त्या घरांतली मुले तो आठवडा शेजाऱ्यांच्या भाकरीवर राहिली.

आज रात्री नियम लिहून भिंतीवर लावला : यंत्राने नाव सुचवायचे, नाव कापायचे नाही. कोणतेही नाव काढायचे तर त्या वस्तीतला एक माणूस आणि आमच्यातला एक, अशा दोघांच्या सह्या आणि एका ओळीत कारण हवे. यादी संध्याकाळी चावडीवर किंवा तांड्याच्या मधोमध मोठ्याने वाचायची आणि हरकतीसाठी तीन दिवस द्यायचे. वाचताना फक्त नाव व घराची खूण सांगायची. आजारपण, गरोदरपण किंवा निकडीचे कोणतेही कारण उच्चारायचे नाही. पहिल्याच वाचनात दोन नावे गावाने स्वतःहून मागे घेतली आणि पाच नवी सांगितली.

मग तेच नावे जुळवणारे मॉडेल उलट दिशेने चालवले. आशाताईंच्या वहीतली कोणती घरे आमच्या फॉर्ममध्ये कुठेच नाहीत, हे त्याला शोधायला सांगितले. एका तासात ३८ घरे दाखवली, आणि त्यांतली ३१ खरोखर सुटलेली होती. मॉडेल तेच होते. एखादे घर चुकून दाखवले तरी आता आमची एक चक्कर वाया जाणार होती, कोणाचा घास जाणार नव्हता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. रडारचा नकाशाही त्याच पद्धतीने पुन्हा पाहिला : पाणी दिसते पण एकही संदेश आला नाही, अशा जागा कोणत्या? ओढ्यापलीकडच्या एका पारधी वस्तीपर्यंत आम्ही असे पोहोचलो. अकरा पालांतले एकही घर कोणाच्याच यादीत नव्हते. बऱ्याच जणांकडे कागदपत्रे नाहीत आणि पंचनाम्याला कोणी आले नाही, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या सवयीप्रमाणे कार्यकर्त्याने घरांचे फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायला फोन काढला. एका वयस्क गृहस्थांनी हात आडवा धरला. "फोटू काढता, मंग कुटं बी चोरी झाली की गाडी हितंच येती." १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून तो गेलेला नाही. मदतीसाठी बनवलेला वस्तीचा नेमका नकाशा उद्या कोणाच्या हाती पडेल, हे आम्ही सांगू शकत नव्हतो. फोटो घेतले नाहीत. या वस्तीची नोंद 'ओढ्यापलीकडे, अकरा कुटुंबे' एवढीच कागदावर ठेवली आणि संगणकात घातलीच नाही. मदत त्याच दिवशी दिली. हिशेब तपासणाऱ्याला अकरा अंगठ्यांचा कागद पुरला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

एका स्वयंसेवकाने एआयने बनवलेले चित्र मदतीच्या आवाहनाला जोडले : पाण्यात उभ्या असलेल्या, रडणाऱ्या आजी. दोन दिवसांत २३,५०० रुपये आले. हेतू चांगला होता, पण त्या आजी अस्तित्वात नाहीत आणि ज्या आहेत त्यांची परवानगी न घेता त्यांचे दुःख रंगवले होते. चित्र काढून टाकले, पैसे देणाऱ्या प्रत्येकाला कळवले. तिघांनी मिळून ४,००० रुपये परत मागितले, ते दिले.

३ नोव्हेंबर, सोमवार

कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघाल्या. तिसऱ्या वाटपाआधी फोनवरून खात्री करणाऱ्या कार्यक्रमाने, तीन वेळा फोन न लागलेल्या घरांपुढे 'स्थलांतरित, अपात्र' असे लिहिले. असे लिहिण्याचा नियम आमच्यापैकीच कोणीतरी सप्टेंबरमध्ये घातला होता आणि विसरला होता. भिंतीवरचा नियम असल्यामुळे नाव कापले गेले नाही. सहीसाठी कागद आशाताईंकडे गेला आणि त्यांनी तो परत पाठवला. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडीला जाणारी जोडी, गेला असला तरी घरात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले मागे आहेत.

जी कुटुंबे अजून निघायची होती, त्यांना विचारले की काय हवे. आम्ही धान्याचे संच घेऊन गेलो होतो. त्यांना ताडपत्री आणि चादरी हव्या होत्या, कारण फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालायची तर वरून आच्छादन लागते आणि घरातली पुरात गेली होती. ६४ कुटुंबांना तेवढेच दिले. हे विचारायला कोणत्याही मॉडेलची गरज नव्हती आणि आम्ही ते सव्वा महिना विचारले नव्हते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादी मागणारे वाढले आहेत. ऊसतोडीच्या एका मुकादमाला फोन क्रमांक हवे होते; उचल घेऊन कोण कामावर आले नाही, ते त्याला शोधायचे होते. नगरपालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर दोन कार्यकर्ते वेगवेगळ्या बाजूंनी येऊन गेले. एका पतसंस्थेचा माणूस 'गरजूंना कर्ज देऊ' म्हणत होता. सर्वांना नकार दिला. नकार देणे सोपे जावे म्हणून एक व्यवस्था आधीच केली होती : नावे एका फाइलमध्ये, फोन क्रमांक दुसऱ्या आणि आजारपणाच्या नोंदी फक्त आशाताईंच्या वहीत. कोणा एकाकडे सगळे नाही. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन पाच लाखांहून अधिक माणसांची माहिती उघडी पडल्याचे समोर आले होते. तेवढी मोठी संस्था सावध राहूनही हे घडते, तर आमचा एक लॅपटॉप तो काय.

२०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळावी, असे कायदा सांगतो. मराठी त्यात आहे, उर्दू आहे, गोरमाटी नाही. आमच्या विद्यार्थिनीने संमतीचा मजकूर गोरमाटीत बोलून दीड मिनिटाचा ध्वनिमुद्रित केला आणि तो ऐकवूनच आम्ही पुढच्या नोंदी घेतल्या. तो ऐकल्यावर तांड्यावरच्या सात बायांनी आधीचे आवाजी संदेश पुसायला सांगितले. मराठी कागदावर त्याच सात जणींचे अंगठे होते.

१४ डिसेंबर, रविवार

हिशेब. एकूण जमा ९,१२,०५० रुपये. पूर्ण संच ३८० कुटुंबांना, फक्त किराणा १७७ कुटुंबांना, फक्त ताडपत्री व चादरी ६४ कुटुंबांना; मिळून ६२१ कुटुंबे. गाड्या व डिझेल ६२,०००. संगणकाकडचा खर्च ३२,३०० : मेमरी ४,२००, डेटा २,०००, छपाई ३,३५०, सोडलेली वर्गणी १,९५० आणि ऐकणाऱ्या दोघींचे २६ दिवसांचे मानधन २०,८००. म्हणजे 'एआयच्या' खर्चातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग माणसांच्या कानांचा आहे. पुढच्यांनी अंदाजपत्रक करताना हा आकडा आधी धरावा. यादीतली पाचशेहून अधिक कुटुंबे आमच्या मदतीपासून राहिली; त्यांची गाववार नोंद इतर दोन गटांना, संमती घेऊन, दिली आहे.

फायदा झाला तो असा. सातशेच्या आसपास संदेशांचा मराठी मजकूर आधी संगणकाने काढल्यामुळे तपासून लिहायला एका संदेशामागे दोन मिनिटे लागली, हाताने सहा लागत होती. 'सुई', 'शुगर', 'डायलिसिस' असे शब्द शोधल्यामुळे एका रात्री इन्सुलिन संपलेल्या मुलाचा संदेश शंभर संदेशांखालून वर आला आणि सकाळच्या आत औषध पोहोचले.

आज सर्वांसमोर लॅपटॉपवरचे आवाजी संदेश आणि फोन क्रमांक पुसले. नाईकांची वही परत केली; तिच्या पानांचे फोटो आम्ही काढले होते, तेही त्यांच्यासमोर पुसले. बंद घरांमुळे नऊ संच उरले आहेत. त्यांतले धान्य टिकणार नाही म्हणून तांड्यावरच मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना, नाईक आणि आशाताई यांच्या सह्यांनी, वाटून टाकले. ताडपत्र्या आणि चादरी नाईकांच्या घरी नावाच्या आणि घराच्या खुणेच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. दोन चिठ्ठ्यांवर नाव एकच आहे, म्हणून खुणा ठळक लिहिल्या : एक 'लिंबाखालचे', एक 'टाकीजवळचे'. टोळ्या परत आल्या की एप्रिलमध्ये जाऊन देऊ.